दापोलीचें विद्यापीठ आणि दाभोळची वाडी



विद्यापीठ हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांसमोर कांहीं ठराविक चित्रें उभीं राहतात. उंच मनोरा, विस्तीर्ण ग्रंथालय, पदवीदानाचा समारंभ, काळे झगे आणि टाळ्यांचा गजर. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली, तेव्हांपासून महाराष्ट्राच्या मनांत विद्यापीठाची हीच मूर्ति ठसलेली आहे. आज मी ज्या विद्यापीठाविषयीं बोलणार आहें त्याची मूर्ति निराळी आहे. त्याची प्रयोगशाळा जितकी छपराखालीं आहे, त्याहून अधिक ती कातळावर, भातखाचरांत, खाडीकांठच्या खाजणांत आणि आंब्याच्या सावलींत पसरलेली आहे. तें विद्यापीठ म्हणजे दापोली येथील कोंकण कृषि विद्यापीठ. आज त्याला डॉ. बाळासाहेब सावंत यांचें नांव आहे. या विद्यापीठाकडे मी मुद्दाम दाभोळच्या धक्क्यावरून पाहणार आहें. कारण कोणत्याहि विद्यापीठाची थोरवी त्याच्या महाद्वारांत उभें राहून मोजूं नये, शेजारच्या गांवांत जाऊन मोजावी, असें माझें मत आहे.

दाभोळ हें वासिष्ठी नदीच्या मुखावरचें जुनें बंदर. बहामनी राज्याच्या काळीं त्याची गणना पश्चिम किनाऱ्यावरील मोठ्या बंदरांत होत असे. पंधराव्या शतकांत अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी हिंदुस्थानांतून स्वदेशीं परत निघाला, तो येथूनच गलबतांत बसला. १५०८ सालच्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रांसिस्को द आल्मैद यानें हें शहर जाळलें. पुढें बंदराचें वैभव ओसरलें. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत दाभोळचें नांव पुन्हा देशभर वर्तमानपत्रांतून गाजलें, परंतु तें एका वीज-प्रकल्पामुळें. आणि तो प्रकल्पहि खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यांत. दाभोळपासून सुमारें ३० किलोमीटरांवर एक विद्यापीठ गेलीं पन्नासांहून अधिक वर्षें काम करीत आहे, त्याचा गाजावाजा मात्र तितका झाला नाहीं.

या किनाऱ्याचा आणि वनस्पतिविद्येचा संबंध विद्यापीठाहून फार जुना आहे. काजू, मिरची, अननस, पेरू हीं सारीं अमेरिकेकडचीं झाडें. पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर तीं या पश्चिम किनाऱ्यावर उतरलीं आणि इतकीं आपलीं झालीं कीं त्यांचें परकेपण आज कोणास आठवतहि नाहीं. आंब्यावर कलम बांधण्याची कला गोमंतकांत पोर्तुगीज पाद्र्यांनीं वाढविली, आणि आपल्या हापुसाचें नांव आफोंसो द आल्बुकेर्क या पोर्तुगीज अधिपतीवरून पडलें असें मानतात. म्हणजे समुद्रानें या भूमीला शेतीचे मोठमोठे धडे दिले. परंतु ते धडे पारखून घेणारा शिक्षक कोणी नव्हता. कोणतें झाड टिकावें, कोणतें मरावें, कोणतें चांगलें, कोणतें वाईट, याचा निवाडा दैवाकडे असे. कृषि विद्यापीठ म्हणजे दैवाच्या हातचा हा निवाडा प्रयोगाच्या हातीं सोंपविण्याची खटपट होय.

दापोली तालुक्याला विद्येची वाण कधींच नव्हती. मुरुडचे धोंडो केशव कर्वे १८८४ सालीं मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले व पुढें स्त्रीशिक्षणाचे महर्षि म्हणून विख्यात झाले. मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ सालीं केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले. तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय. दापोलीच्या शाळेंत शिकलेले पांडुरंग वामन काणे यांनीं धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास लिहिला. ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु झाले आणि १९६३ सालीं भारतरत्न ठरले. या नांवांचा अभिमान कोणास वाटणार नाहीं? परंतु त्यांत एक गोष्ट समान आहे. विद्येसाठीं यांना गांव सोडावें लागलें. बुद्धि बोटींत बसून मुंबईस जात होती, आणि परत येत होती ती बहुधा मनिऑर्डर. ज्या वाडींतून तो मुलगा गेला, तिच्यांतील माड, पोफळी आणि आंबे मात्र आजोबांच्या काळीं होते तसेच राहिले.

विद्यापीठानेंच शेतकऱ्याच्या दारीं जावें, ही कल्पना प्रथम अमेरिकेंत मूळ धरून वाढली. १८६२ च्या कायद्यानें तेथील राज्यांना जमिनी देण्यांत आल्या आणि त्यांच्या उत्पन्नांतून शेती व यंत्रविद्या शिकविणारीं महाविद्यालयें निघालीं. आपल्या देशांत १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगानें ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली, आणि १९६० सालीं पंतनगर येथें पहिलें कृषि विद्यापीठ सुरू झालें. महाराष्ट्रांत पुढें राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशीं चार कृषि विद्यापीठें झालीं. दापोलीस १९६५ पासून कृषि महाविद्यालय होतेंच. १८ मे १९७२ रोजीं तेथें कोंकणासाठीं स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झालें. अशा विद्यापीठाचे धर्म तीन: शिकविणें, शोधणें आणि शोधलेलें शेतावर पोंचविणें. यांतील तिसरा धर्म जुन्या विद्यापीठांस नव्हता.

कोंकणाला वेगळें विद्यापीठ कशासाठीं, असा प्रश्न कोणी विचारील. याचें उत्तर जमिनींत आहे. देशावरची काळी माती पाणी धरून ठेवते. आमचा जांभा तें गाळून टाकतो. दापोलीस वर्षाकांठीं ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीहि एप्रिल उजाडला कीं विहिरी तळ गांठतात. उतारावरची माती वाहून जाते, खाडीकांठीं खारें पाणी शेतांत शिरतें. देशावरचें ज्ञान येथें जसेंच्या तसें लागू पडणें शक्यच नव्हतें. येथले प्रश्न येथेंच बसून सोडवायचे होते.

प्रथम आंब्याचें उदाहरण घेऊं. हापुस हा फळांचा राजा खरा, परंतु त्याचा स्वभाव राजासारखाच लहरी. एक वर्ष झाड लगडतें, दुसऱ्या वर्षीं पानांखेरीज कांहीं दिसत नाहीं. शिवाय त्याला साक्याचा विकार. फळ बाहेरून सोन्यासारखें, आणि कापावें तों आंत पांढरट, पोकळ, आंबट गर. वेंगुर्लें येथें १९५७ पासून फळ संशोधन केंद्र आहे, तें पुढें या विद्यापीठाचें अंग झालें. तेथील शास्त्रज्ञांनीं दक्षिणेकडील नीलम या जातीशीं हापुसाचा संकर केला, कारण नीलम दरवर्षीं फळतो.

हा संकर म्हणजे काय काम आहे, हें ऐकण्यासारखें आहे. आंब्याच्या एका मोहोरांत शेंकडों फुलें असतात. त्यांतील पुष्कळशीं केवळ नर. फळ धरूं शकेल असें फूल हेरून, त्यांतील केसर चिमट्यानें काढून, दुसऱ्या जातीचे पराग त्यावर ठेवायचे आणि वर पिशवी बांधायची. अशीं कितीतरी फुलें हाताळावीं तेव्हां मूठभर फळें हातीं लागतात. त्यांच्या कोयी लावायच्या, रोपें वाढवायचीं, त्यांना फळ येण्याची वर्षानुवर्षें वाट पाहायची, आणि आलेल्या फळांपैकीं बहुतेक नापसंत करायचीं. या तपश्चर्येंतून १९८१ सालीं ‘रत्ना’ ही जाति प्रसृत झाली. ती नियमित फळते आणि तिला साका नाहीं. पुढें रत्नेचा पुन्हा हापुसाशीं संकर करून १९९२ सालीं ‘सिंधु’ निघाली. तिची कोय इतकी पातळ कीं फळ जवळजवळ बिनकोयीचेंच म्हणावें. लोणच्यासाठीं ‘कोंकण रुचि’ ही तिसरी जातिहि याच परंपरेंतील. मूळ हापुसालाहि विद्यापीठानें सोडून दिलें नाहीं. पावसाळ्यांत पॅक्लोब्युट्राझोल हें द्रव्य मुळांशीं ठराविक मात्रेंत दिलें असतां पालवीचा जोर आवरतो आणि मोहोर येतो. त्याची वेळ व मात्रा प्रयोगानें ठरवून देण्यांत आली. ज्यांनीं खत न घालतां ही मात्रा मनास येईल तशी वाढविली, त्यांचीं झाडें थकलीं, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. शास्त्राचें अर्धें वाक्य ऐकणें हें न ऐकण्याहून वाईट.

नवी जाति निघाली तरी ती हजारों वाड्यांत पोंचावी कशी? पूर्वीं आमच्याकडे भेट कलमाची पद्धति होती. कुंडींतील रोप मोठ्या झाडाच्या फांदीपर्यंत उंच माळ्यावर न्यायचें, दोघांची साल तासून एकत्र बांधायची, आणि महिनेच्या महिने त्याला पाणी घालीत राहायचें. एका झाडावर अशीं किती कलमें बांधणार? कोय कलमानें ही अडचण दूर केली. पावसाच्या आरंभीं कोय रुजत घालावी. पंधरवड्यांत तांबूस पानांचा कोंवळा कोंब वर येतो. त्याचा शेंडा छाटून, मधोमध चीर देऊन, चांगल्या झाडाची पाचरीसारखी तासलेली काडी तींत बसवावी आणि पट्टीनें बांधावी. आमच्या पावसाळ्याची दमट हवा, जी कपड्यांना बुरशी आणते, तीच या कोंवळ्या जखमेला सांधते. विद्यापीठानें या पद्धतीचा हंगाम व रीत पारखून ती माळ्यांना शिकविली. गांवोगांवीं खासगी रोपवाटिका उभ्या राहिल्या, आणि ज्याच्या हाताला कसब आहे असा शाळा अर्ध्यावर सोडलेला मुलगाहि त्यावर संसार चालवूं लागला. पदवीदानाच्या यादींत त्याचें नांव नाहीं. परंतु तोहि या विद्यापीठाचाच विद्यार्थी, असें मी म्हणतों.

काजूची गोष्ट तशीच. बियांपासून वाढलेला काजू कधीं चण्याएवढी बी देई, कधीं बरी. वेंगुर्ल्याच्या केंद्रानें निवडीनें व संकरानें ‘वेंगुर्ला’ या नांवाच्या क्रमवार जाति दिल्या; त्यांतील वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ या टपोऱ्या बियांमुळें विशेष नांवाजल्या. १९९० मध्यें शासनानें रोजगार हमीशीं जोडून फळबाग लागवडीची योजना काढली, तेव्हां लाखों कलमांची एकदम गरज पडली. योजना कागदावर कितीहि उत्तम असली तरी लावायला चांगलें रोप नसतें तर ती कागदावरच राहिली असती. वरकस डोंगर, ज्यांवर नाचणी-वरीखेरीज कांहीं पिकत नसे, ते आंब्या-काजूंनीं हिरवे झाले. शासनाचा पैसा, शेतकऱ्याचा घाम आणि विद्यापीठाचें कलम या तिहींचा तो संयोग होता.

आतां खाडीकडे वळूं. दाभोळची खाडी जशी होड्यांना वाट देते, तशी ती भरतीचें खारें पाणीहि आंत आणते. बांध फुटला कीं भातशेतीचें खाजण होतें. अशा खार जमिनीसाठीं पनवेल येथें विद्यापीठाचें खास केंद्र आहे, आणि तेथून निघालेल्या पनवेल १, २ व ३ या भाताच्या जाति क्षार सोसून पिकतात. पावसानें मीठ धुऊन निघेपर्यंत दम धरणारें रोप मिळणें ही खाडीकांठच्या कुटुंबाच्या दृष्टीनें लहान गोष्ट नव्हे. कर्जत व रत्नागिरीच्या केंद्रांनीं ‘कर्जत १८४’, ‘रत्नागिरी २४’ यांसारखे भात घरोघरीं नेले, आणि १९९८ सालीं कर्जतहून ‘सह्याद्रि’ हा संकरित भात निघाला.

रत्नागिरीजवळ भाट्ये येथें नारळ संशोधन केंद्र आहे. स्थानिक बाणवलींतून निवडलेली ‘प्रताप’ ही जाति त्याची देणगी. तेथें आणखी एक विचार रुजला. माडांच्या दोन रांगांमध्यें ऊन आणि पाणी वायां जातें. तेथें जायफळ, दालचिनी, मिरी, केळी, अननस असा थरांवर थर चढविला तर त्याच गुंठ्यांत दुसरें उत्पन्न उभें राहतें. अशा बागेला ‘लाखी बाग’ असें नांव मिळालें. जायफळांत नर आणि मादी हीं झाडें वेगळीं. बी लावून वाढविलेल्या रोपांत निम्मीं नर निघालीं तर सहा-सात वर्षांचें पाणी फुकट जातें. मादी झाडाच्या काडीचें कलम लावलें कीं ही फसगत टळते. ज्याची सारी इस्टेट म्हणजे घरामागची अर्धा एकर वाडी, त्याला हें ज्ञान एखाद्या वारशाइतकेंच मोलाचें आहे.

पाण्याचा प्रश्न मीं मघाशीं सांगितला. कातळावर धरण बांधणें प्रत्येकाच्या आवांक्यांतलें नाहीं. विद्यापीठानें ‘कोंकण जलकुंड’ म्हणून एक साधी युक्ति सुचविली. ४ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १ मीटर खोल खड्डा खणावा, त्याला प्लास्टिकच्या कागदाचें अस्तर द्यावें, पावसाचें पाणी भरून वर झांकण घालावें. ४,००० लिटर पाणी सांठतें, आणि नव्या कलमांचे पहिले दोन-तीन उन्हाळे निभावतात. यांत चमत्कार कांहींच नाहीं. परंतु कलम मरतें तें बहुधा याच दोन-तीन उन्हाळ्यांत, हें ओळखून त्यासाठीं हिशोबानें उपाय योजणें, याचेंच नांव संशोधन.

दाभोळ हें केवळ बागाईतदारांचें गांव नाहीं. तें दर्यावर जगणाऱ्यांचेंहि आहे. रत्नागिरीस शिरगांव येथें १९८१ पासून विद्यापीठाचें मत्स्य महाविद्यालय आहे आणि शहरांत सागरी जीवांचें संशोधन केंद्र आहे. कृषि, उद्यानविद्या, अभियांत्रिकी, वनशास्त्र, मत्स्यविज्ञान अशा शाखांचें शिक्षण आतां कोंकणांतच मिळतें. येथली कोणतीहि शिफारस एका शास्त्रज्ञाच्या शब्दावर बाहेर पडत नाहीं. चारहि कृषि विद्यापीठांचे शास्त्रज्ञ दरवर्षीं एकत्र जमतात, आणि त्या सभेच्या तपासणींतून उतरल्यावरच ती शेतकऱ्याकडे येते.

इतकें सारें असतां कोंकणचा शेतकरी सुखी झाला आहे काय? तसें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. रत्ना निर्दोष असली तरी बाजार हापुसाच्याच नांवावर भुलतो. २०१८ सालीं हापुसाला भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला, त्यानें तें नांव अधिकच मौल्यवान् झालें. मोहोराच्या वेळीं अवकाळी पाऊस पडला कीं सारी विद्या हतबल होते. आणि ३ जून २०२० चा दिवस आपण विसरलों नाहीं. ‘निसर्ग’ चक्रीवादळ त्या दिवशीं रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, आणि दापोली-मंडणगडकडील वाड्यांतून दोन-दोन पिढ्यांनीं वाढविलेले माड, पोफळी आणि आंबे कांहीं तासांत आडवे झाले. ज्यांचा वार्षिक खर्च त्या झाडांवर चाले, त्यांच्यापुढें एकच प्रश्न उरला: आतां काय लावावें, आणि तें फळेपर्यंत काय खावें?

मला वाटतें, विद्यापीठाची खरी परीक्षा या प्रश्नांत आहे. पडलेल्या माडाच्या जागीं पुन्हा माडच लावून स्वस्थ बसावें, कीं त्याच जमिनींत लवकर फळणारें कांहीं मधल्या थरांत घ्यावें. वाऱ्याच्या तोंडावर काय लावावें, आडोशाला काय. जुन्या, उंच, थकलेल्या आंब्याची छाटणी करून तो पुन्हा जोमांत आणावा कीं काढून टाकावा. या प्रत्येक प्रश्नाला दापोलीस अभ्यासलेलें उत्तर आहे. परंतु उत्तर कपाटांत आणि प्रश्न वाडींत, अशी ताटातूट राहिली तर दोघांचेंहि नुकसान. शेतकरी विचारावयास गेला नाहीं, तर विद्यापीठ आपल्याच प्रबंधांत गुंतून पडेल. विद्यापीठ वाडींत उतरलें नाहीं, तर वाडीचा मालक मुंबईच्या खोलींत राहून कुलुपाची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवील; आणि अशीं कुलुपें आज आमच्या गांवांत थोडीं नाहींत.

म्हणून दाभोळ, दापोली आणि साऱ्या कोंकणपट्टींतील श्रोत्यांना माझी विनंति आहे. विद्यापीठ हें सरकारचें किंवा प्राध्यापकांचें, असें समजूं नका. तें सार्वजनिक पैशावर उभें आहे, म्हणजेच तुमच्या पैशावर. पावसापूर्वीं कलम विकत घ्यायचें असेल तर जाति कोणती, काडी कोणत्या झाडाची, हें विचारून घ्या. मातीची परीक्षा करवून घ्या. आपल्या मुलाला, आणि मुलीलाहि, एकदां तरी तेथील बाग दाखवा. तरुणांना मी इतकेंच सांगेन कीं, या तालुक्यांतून विद्येसाठीं बाहेर पडावें लागे तो काळ गेला. विद्या घेऊन परत येण्याचा काळ आलेला आहे.

जुन्या बंदरानें जगाचीं झाडें आपल्याला आणून दिलीं. त्यांतलीं कोणतीं जपावींत, कोणतीं सुधारावींत, हें सांगणारें विद्यापीठ आज आपल्या शेजारीं आहे. तेथें निघालेलें कलम जेव्हां एखाद्या लहानशा वाडींत दुसरा उन्हाळा पार करून तांबूस पालवी धरतें, तेव्हां त्या विद्यापीठाचा पदवीदान-समारंभ खऱ्या अर्थानें पार पडतो. त्या समारंभाला टाळ्या वाजत नाहींत. परंतु घरांत चूल पेटते.